जाळामागचं लोखंड

"जाळाच्या मागं ठेवायची वस्तू आणि एवढी नक्षी? बघणार कोण, राख?" माझ्या कानाशीच कुणीतरी पुटपुटलं. मागं एक गृहस्थ उभे होते. पायात चपला, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर बायकोनं दुपारची झोप मोडून आणल्याचा भाव. "हळू बोला," त्यांची बायको म्हणाली, "ऐकू जातं लोकांना." "जाऊ दे की. ऐकायला कुठं पैसे पडतात इथं?" मला हसू आलं. मी ते कोरेगाव पार्कातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या गारव्यात दाबून टाकलं, आणि हे गृहस्थ कशाकडं बघून करवादतायत म्हणून मान वळवली. तेव्हाच मला तो हात दिसला.

माझा भाचा तेजस आणि त्याची बायको उत्कर्षा यांच्याबरोबर मी आले होते. हिंजवडीच्या पुढं त्यांनी रो-हाउस घेतलंय आणि त्याच्या दिवाणखान्यात बिल्डरनं हौसेनं शेकोटी बांधून दिली आहे. तिला धुराडं नाही. वीज लावली की काचेमागं ज्वाळा हलतात, आणि एक बटण असं आहे, की उन्हाळ्यात जाळ दिसतो पण ऊब येत नाही. हे मला तेजसनं कौतुकानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "आमच्या वेळी हे बटण माणसांना असायचं." तो हसला, पण त्याला कळलं नसावं. त्याचा दोष नाही. त्याच्या घरात माणसं जपून बोलतात. आता त्या खोट्या जाळामागची भिंत उघडी-बोडकी दिसते म्हणून उत्कर्षाला तिथं काहीतरी 'वजनदार' हवं होतं. मला बरोबर आणलं, कारण मी ब्लाउज शिवते आणि रंगसंगती कळणारी घरातली एकमेव बाई अशी माझी ख्याती आहे. लोखंडाच्या रंगसंगतीत मी काय सांगणार होते कुणास ठाऊक.

माझ्या कमरेच्या वर येईल एवढा बिडाचा पाट होता, भिंतीला टेकवून उभा केलेला. वर मुकुट, मधे ढाल, ढालीच्या दोन्ही बाजूंना मागच्या पायांवर उभे राहिलेले सिंह, खाली पट्टीवर झिजलेली अक्षरं. आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, त्या सगळ्या इतमामाशी काही देणंघेणं नसलेला, एका लहान मुलाचा उठावदार पंजा. तळवा आपल्याकडं, जणू टाळी मागतोय. करंगळी आत वळलेली. दुकानातली शेफाली नावाची मुलगी उत्कर्षाला समजावून देत होती, की विलायतेत शेकोटीच्या मागं असा पाट उभा करत, म्हणजे भिंत तडकत नाही आणि हा स्वतः तापून ऊब खोलीत परत टाकतो. मोठ्या घराण्यांचे पाट त्यांच्या कुलचिन्हासकट ओतून घेतलेले असत. हा अंदाजे तीनशे वर्षांपूर्वीचा. "आणि हा हात?" उत्कर्षानं विचारलं. "तो फार रेअर आहे मॅम. घराण्याच्या वारसाचा असणार. लहानपणी गेलेल्या मुलाचा असावा, असंही म्हणतात." "सो सॅड," उत्कर्षा म्हणाली आणि तिनं त्या हाताचा फोटो काढला. तेजसनं मला विचारलं, "आत्या, आपल्याकडं नसतं का असं, फॅमिलीचं चिन्ह वगैरे?" मी म्हटलं, "असतं की. रेशनकार्ड." माझा आवाज नेहमीसारखाच आला. आपला आवाज आपल्याला न विचारता किती गोष्टी सांभाळून नेतो.

तो हात माझ्या धाकट्या बहिणीचा होता. शालूचा. करंगळी पत्र्याच्या ट्रंकेत चेमटली होती तिची, आईनं हळद भरून चिंधी बांधली आणि ती तशीच वाकडी राहिली. बाबा, म्हणजे बद्रीनाथ, बुलढाण्याकडनं भोसरीला आले ते एका फौंड्रीत साचे भरायला. रविवारी ओतणी असायची आणि आम्ही दोघी डबा घेऊन जायचो. तिथं मला आवडायची ती वाळू. काळी, तेल लावलेल्या केसांसारखी, मुठीत दाबली की बोटांच्या खुणा धरून राहणारी. शेठनं कॅम्पातल्या पाडलेल्या कुठल्याशा बंगल्यातनं असा एक पाट उचलून आणला होता. त्याचा एक कोपरा फुटलेला. त्यावरून साचा काढ, कोपरा सपाट भर, आणि मला असेच आणखी ओतून दे, एवढं बाबांना सांगितलं होतं. बाबा जमिनीवर उकिडवे बसून वाळूत सिंह उठवत होते. मी विचारलं होतं, हे दोन पायांवर का उभे आहेत. "साळंत उशिरा आले असतील," बाबा म्हणाले होते, मान वर न करता. साचा पुरा झाला. भट्टीचं तोंड उघडलं, माणसं ओरडायला लागली, आणि बाबा उठून वळले तेवढ्यात शालूनं त्या सपाट, गुळगुळीत कोपऱ्यात आपला पंजा मनगटापर्यंत जोर लावून दाबला. मला आठवतं ते बाबांचं वर गेलेलं मनगट, भाजल्याच्या पांढऱ्या ठिपक्यांचं. आता बसणार, असं मला वाटलं. शालू मात्र पंजा उचलून त्याच्याखाली झालेला खड्डा बघत होती, फार समाधानानं. बाबांनी खड्ड्याकडं पाहिलं, मग लोखंड घेऊन येणाऱ्या माणसांकडं. कोपरा पुन्हा भरायला वेळ नव्हता. खरं तर होता. एवढंसं तर काम. "सोडा," बाबा म्हणाले, आणि लाल पाणी त्या पंजात शिरलं. शेठ आधी ओरडला, मग दोन दिवसांनी म्हणाला, साहेबलोकांना असलं काही आवडतं, राहू दे. मूळचा फुटका पाट मोडीत गेला आणि पुढच्या सगळ्या साच्यांसाठी हाच फर्मा झाला. पुढं फौंड्रीच्या मागं खड्ड्यात मीठ आणि पाणी घालून हे पाट पुरून ठेवायचे. बाहेर निघाले की तीनशे वर्षांचे झालेले असत. आम्ही पोरं त्याला म्हातारं करायचा खड्डा म्हणायचो.

हे सगळं मी दुकानात सांगू शकले असते. तेजसचे पैसे वाचले असते, किंवा त्यानं हसत हसत तरीही घेतलं असतं. पण तीनशे वर्षांचं खोटं सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे खरं सांगून होणारं नव्हतं. पहिलाच प्रश्न आला असता, हात कुणाचा? आणि तेजसला एकच आत्या आहे. तसं तो लहानपणापासून शिकलाय. म्हणून मी फक्त म्हटलं, "घे. भिंतीला शोभेल." आणि त्या लोखंडी तळव्यावर माझा तळवा ठेवून पाहिला. गार होता, दुकानासारखाच. बाबा सांगायचे, लोखंड थंड होताना अंग चोरतं. ओतलेल्या वस्तूवरून पुन्हा साचा काढला, की पुढची वस्तू केसभर लहान निघते, त्याच्यावरची आणखी केसभर. हा कितवा पंजा होता कोण जाणे. करंगळीचं वळण पार बुजून गेलं होतं. "मॅम, प्लीज," शेफाली नम्रपणे म्हणाली, "हाताच्या घामानं पॅटिना जातो, जुनेपणाचा थर."

रिक्षात मी समाधानला, माझ्या मोठ्या भावाला, पाटाचा फोटो पाठवला. तेजसचा बाप तो. त्याच्या लेकाच्या घरात जाणार होता पाट. निळ्या खुणा लगेच आल्या. म्हात्रे पुलावर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्याचं उत्तर आलं. उभ्या अंगठ्याचा हात. हातावर हाताचं उत्तर. मी फोन लावला. "बघितलास ना?" "बघितला. छान आहे. जुना वाटतो." "किती जुना?" मागं वहिनीच्या मिक्सरचा आवाज. "अगं माले, त्यांना आवडलाय ना, मग झालं. वास्तुशांतीला बाबांना आणायचंय, तेवढं बघू आधी. डॉक्टर काय म्हणाले माहितीये ना तुला?" डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, या हिवाळ्यापलीकडचं आपण बोलायला नको. डॉक्टरही आमच्या घरातल्यासारखेच बोलतात. मी म्हटलं, "म्हणूनच म्हणते, तिला एकदा..." "आत्ता नको," समाधान म्हणाला. तो दरवेळी 'आत्ता' म्हणतो. त्यामुळे नाही म्हटल्यासारखं होत नाही.

शालू धायरीला राहते. पुण्यातल्या पुण्यात. माझ्या घरापासून गाडी एकदाही न बदलता जाता येतं. पिठाच्या गिरणीशेजारची गल्ली, राखाडी फाटक, आत जास्वंद. तिचा नवरा रविराज फौंड्रीशेजारच्या वर्कशॉपमधे लेथवर होता, त्यांची धायरीतली जमीन गेली, पैसा आला, पैसाही गेला असं ऐकते. ती त्याच्याशी लग्न करून निघून गेली तेव्हा त्याची जात आमच्या चाळीत सगळ्यांनी एकमेकांना सांगितली आणि आमच्या घरात कुणीच उच्चारली नाही. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. भर दुपारी बाबा कामावरनं लवकर आले, अंगातल्या कपड्यांनिशी नळाखाली बसले आणि त्यांनी डोक्यावरून बादली ओतून घेतली. एक, मग आणखी एक. माणूस मेल्यावर करतात ती आंघोळ, जिवंत पोरीच्या नावानं. चाळीतल्या बायका दारात आल्या, बघून आत गेल्या. बाबांनी आम्हाला काहीच सांगितलं नाही. ओल्या कपड्यांनी ते गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. मग आई उठली. तिनं माझ्यासाठी तापवलेल्या पाण्यातलं पाणी घेतलं. समाधाननं घेतलं. वहिनी छोट्या तेजसला कडेवर घेऊन आली, तिनं त्याच्याही टाळूला हात ओला करून लावला. आई मला म्हणाली, तू नुसते पाय भिजव, तुझे दिवस भरलेत. मी डोक्यावरून घेतलं. केस वाळायला त्या दिवशी फार वेळ लागला. पुढं आई गेली तेव्हा वैकुंठ स्मशानाच्या बाहेर, रस्त्यापलीकडं, रसाच्या गुऱ्हाळाच्या आडोशाला एक बाई उभी होती, डोक्यावर पदर घट्ट. समाधाननं मला बघताना बघितलं, मी त्याला. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी आपापल्या चपला शोधल्या.

हल्ली कधी शिलाई मशीनच्या पायट्यावरून पाय काढून बसते तेव्हा वाटतं, त्या दुपारनंतरही बाबा कितीतरी वर्षं फौंड्रीत जातच होते. पाटांची मागणी वाढत होती, हॉटेलवाले घ्यायचे, परदेशातही पाट जायचे. म्हणजे ते रोज सकाळी जाऊन तो फर्मा वाळूवर ठेवत असणार, वरून दाबत असणार, उचलत असणार. सिंह नीट उठलेत का बघत असणार. मग कोपरा. कोपऱ्यातली वाळू बोटानं साफ करावीच लागते, नाहीतर लोखंड नीट शिरत नाही, बोटं तुटकी येतात. संध्याकाळी घरी येऊन ते कणसं भाजायचे, बातम्या ऐकायचे. शालूचं नाव घरात निघायचं नाही. आम्ही ते त्यांच्यासाठी काढत नव्हतो.

वास्तुशांत जानेवारीत झाली. हिंजवडीच्या त्या घरात सकाळी इतकी थंडी होती, की होमाभोवती बसायला भांडणं लागली. भटजी उठले, जेवणं सुरू झाली, आणि मंडळी दिवाणखान्यात खोट्या जाळापुढं जमायला लागली. तेजस प्रत्येकाला सांगत होता, थ्री हंड्रेड इयर्स, अंकल. एका मित्रानं विचारलं, "ब्रो, कुणाची फॅमिली आहे ही?" "असतील कुणीतरी लॉर्ड." काच काढून ठेवली होती आणि ज्वाळांच्या मागं ते सिंह उभे होते, अजूनही शिक्षेवर. मी सकाळीच येऊन उजव्या कोपऱ्यापुढं झेंडूच्या फुलांची परडी ठेवली होती. थोड्या वेळानं बघते तर परडीच्या पुढं समाधाननं पितळेची समई आणून ठेवलेली. मग वहिनी आली आणि समईशेजारी तिनं पूजेतला कलश आणून ठेवला. आम्ही तिघंही एकमेकांशी काही बोललो नव्हतो. कोपरा इतका मंगल दिसायला लागला, की उत्कर्षाच्या आईनं तिथं वाकून नमस्कारच केला.

बाबांना आणलं ते दोन माणसांनी धरून. ऐंशीच्या घरातले, अंगानं कमी झालेले, डोक्याला माकडटोपी, पण नजर जिथल्या तिथं. त्यांना लांब, खिडकीशी बसवायचं आधीच ठरलं होतं. "थंडी वाजते बाप्पा," ते म्हणाले, "मले त्या जाळापाशी न्या." समाधान म्हणाला, "बाबा, तो खरा नाहीये. शाल देतो ना." "खरा नाही त काहून लावला?" तेजस धावला, "आजोबा, थांबा, हीट पण लावतो," आणि त्यानं ते बटण दाबलं. खुर्ची पुढं सरकली. समाधान चटकन पाटाच्या आणि खुर्चीच्या मधे येऊन उभा राहिला, ताटातला लाडू हातात धरून. मी दुसऱ्या बाजूला. आम्ही दोघं ढालीच्या दोन्ही अंगांना कसे दिसत असू, हे मला त्याही क्षणी दिसलं.

बाबा आमच्यामधून बराच वेळ पाहत राहिले. मुकुट, अक्षरं, सिंह. मग ते खुर्चीतून पुढं वाकले. कलश उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. समई समाधानच्या. परडी पायानं सरकवली. कुणीतरी म्हणालं, अहो, फुलं आहेत ती. बाबांचं बोट, भाजल्याच्या ठिपक्यांचं, कोपऱ्यात गेलं आणि त्या पंजाच्या बोटांच्या फटींतून फिरायला लागलं, एकेक फट, सवयीनं, वाळू काढावी तसं. "करंगळी बुजली," ते म्हणाले. "मी असतो त असा माल बाहेर जाऊ देला नसता."

"व्हॉट? आजोबा, तुम्हाला माहितीये हे?" तेजसनं विचारलं. उत्कर्षानं फोन बाहेर काढला. "काही नाही रे," समाधान घाईनं म्हणाला, "बाबांच्या फौंड्रीत असलंच काहीतरी काम असायचं. बाबा, चला, गोळीची वेळ झाली." वहिनी पाणी आणायला वळली. माझ्या हातातला कलश हिंदकळला आणि पाणी माझ्या पायावर सांडलं. थंडगार होतं.

"हात कोणाचा आहे, आजोबा?" हे उत्कर्षानं विचारलं. तिला या घरात येऊन वर्षच झालंय.

"शालूचा," बाबा म्हणाले. "माह्या लहान पोरीचा." मित्राच्या हातातला चमचा ताटावर वाजला. तेजस आपल्या बापाकडं पाहायला लागला, मग माझ्याकडं, आत्या मोजत असल्यासारखा. "कुठं राह्यते?" बाबांनी विचारलं. कुणाला उद्देशून ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "धायरीला."

बाबांनी मान वर केली. आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. समाधाननं हातातली समई दुसऱ्या हातात घेतली. "बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला त्रास होईल म्हणून आम्ही... तुमच्यासाठीच ना, तुम्ही तेव्हा आंघोळ केलीत, मग आम्ही..."

बाबांचा हात पाटावरच होता. आता लोखंड तापायला लागलं असावं, कारण त्यांनी तळवा जरा उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"आंघोळ त मी एकट्यानं केली होती," बाबा म्हणाले. "तुमी काहून भिजले?"